माणिककाकांची ना-हरकत

वकील बदलणं हे डॉक्टर बदलण्याइतकं सोपं असतं, असं ज्याला वाटतं त्याचा वकील ओळखीतला नसणार, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकते. डॉक्टर बदलायचा तर गुपचूप दुसऱ्या गल्लीत जायचं. वकील बदलायचा तर आधीच्या वकिलाकडेच जायचं, ‘तुम्ही आम्हाला नकोत, याला तुमची हरकत नाही ना?’ असं लेखी विचारायचं आणि त्यावर त्याचीच सही घ्यायची. ही पद्धत ज्यानं पाडली त्याला काका-मामा नसावेत.

आमची केस अशी. आमची म्हणजे श्रुतिकाआत्याची. पण मुलुंडच्या आमच्या घरात कुणाचीही कुठलीही गोष्ट आमचीच असते. आत्या नवऱ्याचं घर सोडून आमच्याकडे आली आणि माझ्या खोलीत राहू लागली. (माझं अर्धं कपाट गेलं. पण मी त्याबद्दल एक अक्षर काढलेलं नाही, आणि आताही काढत नाहीये.) तिचा नवरा प्रीतम. तो मारायचा नाही, ओरडायचा नाही, पीत तर मुळीच नव्हता. तो फक्त आत्याच्या वतीनं बोलायचा. कुणी आत्याला विचारलं, “कशी आहेस गं?” की हा म्हणायचा, “मजेत आहे ती.” तिच्या मैत्रिणींना ती येणार नसल्याचं हाच कळवायचा. आणि एक दिवस त्यानं तिच्याच लॅपटॉपवरून तिच्या ऑफिसला तिचा राजीनामा पाठवून दिला, अगदी छान इंग्रजीत, आणि संध्याकाळी तिच्या हातावर पेढा ठेवून म्हणाला, “सुटलीस बघ!” मग आत्या खरंच सुटली. बॅग भरून.

आत्याचं म्हणणं, घटस्फोट हवा. प्रीतमचं म्हणणं, संसार झकास चालला होता आणि तिलाही तसंच वाटतं, फक्त ते तिच्या लक्षात आलेलं नाही. म्हणून वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात केस उभी राहिली, आणि आमच्यातर्फे उभे राहिले ॲडव्होकेट माणिक परुळेकर. आमचे माणिककाका.

माणिककाका कोकणातल्या आमच्या गावचे. आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. गावच्या मुंबईतल्या मंडळाचे अध्यक्ष आहेत. मरोळला एका झेरॉक्सवाल्याच्या वर त्यांचं ऑफिस आहे, आणि तिथे ते भाडेकरार करतात. भाडेकरारात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. घटस्फोट मात्र त्यांनी आजवर एकही केला नव्हता. पण केस बाहेरच्या माणसाला देणं म्हणजे काकांचा अपमान, आणि काका म्हणजे आपला माणूस. आता या आपल्या माणसाबद्दलची खरी गंमत सांगते. आत्याचं आणि प्रीतमचं लग्न जुळवलं होतं तेही माणिककाकांनीच! दोन्ही घरांच्या मध्ये बसून, दोन्हीकडचे पोहे खाऊन. ज्यानं लग्न जमवलं त्यालाच ते मोडायला सांगायचं, ही कल्पना जगात फक्त आमच्या घरात सुचू शकते.

व्हायचं तेच झालं. प्रत्येक तारखेला काका उठायचे, कोट सारखा करायचे आणि म्हणायचे, “समेटाची शक्यता आहे, पुढची तारीख मिळावी.” समेटाची शक्यता कुठून आली विचारलं तर म्हणायचे, “प्रीतमच्या आईचो फोन इल्लो.” म्हणजे आमचा वकील संध्याकाळी समोरच्या पार्टीशी फोनवर बोलायचा आणि आमचं सगळं त्यांना सांगून टाकायचा. मुद्दाम नाही हं! त्यांनाही वाईट वाटायला नको म्हणून.

शेवटी मागच्या तारखेला न्यायाधीश मॅडम म्हणाल्या, आता बास. पुढच्या वेळी अर्जदाराची साक्ष सुरू झाली नाही तर अर्ज काढून टाकू. काकांकडून कळल्यावर बाबांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आत्या उठली. माझ्या खोलीत गेली आणि कपड्यांच्या घड्या करायला लागली. घडी केलेलेच पुन्हा. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, कारण अर्ज गेला तर कायद्यानं ती प्रीतमचीच बायको राहणार, आणि तिला काय वाटतं ते सांगायला प्रीतम तयारच.

आईनं ऑफिसातल्या कुणाकडून तरी घाटकोपरच्या रेवती मॅडमचं नाव आणलं. मॅडम फक्त हेच खटले चालवतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “करू आपण. आधीच्या वकिलांची ना-हरकत तेवढी आणा. एक सही हवी, बाकी काही नाही.”

बाकी काही नाही म्हणे.

पहिल्यांदा बाबा गेले. बाबा म्हणजे श्यामसुंदर, बँकेत अधिकारी, मोठमोठ्या लोकांना कर्ज नाही म्हणून सांगणारा माणूस. बऱ्याच वेळानं परत आले ते हातात कोकमाची पिशवी घेऊन.

“सांगितलंत?” आईनं विचारलं.

“सांगणारच होतो. पण ते म्हणाले, श्याम, तू काय एक चिंता करू नको, मी आसंय मा! मग काय बोलणार?”

“म्हणजे नाही सांगितलंत.”

“आणि आपल्या पूजेला त्यांना जोडीनं बसवायचं ठरलंय,” बाबा पिशवीकडे बघत म्हणाले.

“आपली कुठली पूजा?”

“तीही ठरलीच.”

मग आई गेली. तिचा विचार असा की बायका बायकांत हे विषय नाजूकपणे होतात, म्हणून तिनं काकांच्या बायकोला, जानकीकाकूंना, भाजीवाल्यापाशी गाठलं. नाजूकपणा इतका जमला की जानकीकाकूंना वाटलं, आईला काकांच्या तब्येतीची काळजी आहे. त्यांनी संध्याकाळी डबाभर घावणे पाठवले. सोबत निरोप, “ह्यांची शुगर आता बरी आहे, श्रुतिकाला सांग घाबरू नको.” घावणे मस्त होते. मी चार खाल्ले. पण सही?

मग आमच्या वरच्या मजल्यावरच्या रत्नप्रभाकाकू सल्ला द्यायला खाली आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांना बोलवावं लागत नाही. त्या सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “ज्योतिषावर ढकला. सांगा, पत्रिकेत आलंय, म अक्षराच्या वकिलाचा योग नाही.”

“पण मी पत्रिका मानत नाही,” आत्या म्हणाली.

“तू मानायची कुठे आहेस? त्यांनी मानायची आहे.” मग आत्याकडे बघून आईला म्हणाल्या, “किती वाळलीय गं ही. हिला काही दिवस कोकणात पाठवा. हिला बरं वाटेल.”

“तिला नाही आवडणार,” बाबा म्हणाले.

“तिला आवडेल, पण आत्ता नको,” आई म्हणाली.

आत्या उठून पाणी प्यायला गेली. मी तेव्हा याकडे लक्ष दिलं नाही, कारण माझ्या डोक्यात तोवर झगझगीत प्रकाश पडला होता. हे काम माझं होतं!

याला कारण होतं. त्याच आठवड्यात मी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. विषय होता ‘स्पष्ट बोलणे ही काळाची गरज’. सहावीत वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज फुटायचा नाही, आणि आता नववीत मी माईक स्वतःच्या उंचीला लावून घेतला होता. परीक्षक म्हणाले होते, या मुलीकडे मुद्दा आहे. मला वाटलं, ज्या घरात मुद्दा असलेली मुलगी बसलीय त्या घरानं कोकम आणि घावण्यांवर विसंबून का राहावं?

मी शनिवारी शाळा सुटल्यावर बस पकडून एकटी मरोळला गेले. पिशवीत ना-हरकतीचा मसुदा. रेवती मॅडमनी एका ओळीचा दिला होता, पण मला तो फार कोरडा वाटला, म्हणून मी त्यात दोन परिच्छेद घातले होते. काकांचे उपकार, आमची कृतज्ञता, आणि शेवटी ‘तथापि’.

काकांच्या ऑफिसात एक घरमालक आणि एक भाडेकरू समोरासमोर बसून गच्चीत कपडे वाळत घालण्याच्या कलमावर भांडत होते. मला बघून काकांचा चेहरा फुलला. “काय गो चेडवा! ये ये ये.” (चेडू म्हणजे मालवणीत मुलगी.)

मी बसले नाही. उभं राहून बोलायचं असं ठरवलं होतं. “काका,” मी सुरुवात केली, “नात्यात स्पष्टता नसेल तर नातं हे ओझं होतं...” आणि मग मी थांबलेच नाही. प्रेम वेगळं, प्रतिनिधित्व वेगळं, इथपासून ते आत्याला आज कशाची गरज आहे इथपर्यंत. हातवारे जागच्या जागी, आवाज हवा तिथे चढा, हवा तिथे उतरता. शेवटचं वाक्य तर मी असं काही हळू घेतलं की भाडेकरूच्या डोळ्यांत पाणी आलं.

काका उठून उभे राहिले. मला वाटलं, झालं, आता वाईट वाटणार. तर काका टाळ्या वाजवायला लागले! “वाऽऽ! काय बोलतंय चेडू! परत म्हण.” त्यांनी खालच्या झेरॉक्सवाल्याला हाक मारून वर बोलावलं आणि मला सगळं पहिल्यापासून म्हणायला लावलं. खोटं कशाला बोलू, मी म्हटलं. मागितलेली फर्माईश नाकारणं माझ्या स्वभावात नाही. दुसऱ्यांदा तर आणखी रंगलं.

मग मी मसुदा पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन काढलं आणि माझ्या दोन्ही परिच्छेदांवर फुली मारली. “वकिलानं कारण लिहायचं नाही गो. कारण लिहिलं की वाद. पण हात चांगला आहे तुझा. दहापैकी सात.” आणि मसुदा फाइलला लावून कपाटात टाकला.

“काका, तो सहीसाठी...”

“सही शिकशील हळूहळू. वकील व्हायचंय ना तुला? अगं मग आधी सांगायचं! आजपासून तू माझी ज्युनियर.”

मी सही आणायला गेले आणि नोकरीला लागून परत आले.

घरी पोचेपर्यंत काकांनी गावच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलंसुद्धा होतं: ‘आपल्या गावची कन्या कु. गंधाली हिने वकिली क्षेत्रात पदार्पण केले असून श्रुतिकाच्या केसमध्ये ती माझ्यासोबत काम पाहील.’ खाली हात जोडलेले, फुलं, पुष्पगुच्छ. गावातल्या माझं नावही माहीत नसलेल्या माणसांनी मला आशीर्वाद दिले. प्रीतमची माणसंही याच मंडळात. त्याच्या आईनं लिहिलं, ‘खूप मोठी हो बाळा.’ आणि प्रीतमनं? प्रीतमनं अंगठा दाखवला! ज्या माणसाविरुद्ध मी लढत होते तो मला अंगठा दाखवत होता, यार.

आता इथे शहाण्या मुलीनं काय केलं असतं? गप्प बसली असती. पण मी नुकतीच पहिली आले होते. स्पष्ट बोलणे ही काळाची गरज आहे, हे मी दोनदा टाळ्या घेऊन सिद्ध केलं होतं. मी त्याच ग्रुपवर, सगळ्या गावासमोर, लिहिलं: ‘आभार. पण गैरसमज नको. आम्हाला माणिककाका काका म्हणून हवे आहेत. वकील म्हणून नको आहेत.’

वाक्य चांगलं होतं. मी आजही म्हणते, वाक्य चांगलं होतं.

लगेच ओळ आली की माणिककाका ग्रुपमधून बाहेर पडले. मंडळाचे अध्यक्ष! ज्यांनी ग्रुप काढला तेच!

आमची पुरती वाट लागली. आई माझ्याशी दोन दिवस फक्त ‘जेव’ आणि ‘ऊठ’ एवढंच बोलली. बाबा मागच्या गल्लीतून जायचे बंद झाले आणि स्टेशनला मोठा वळसा घालून जाऊ लागले. आईनं घावण्यांचा डबा धुऊन, त्यात रव्याचे लाडू भरून पाठवला होता. तो जानकीकाकूंनी परत केला, आणि परत केला तो रिकामा. साखरेचा दाणासुद्धा नाही. आमच्याकडे रिकामा डबा परत येतो तेव्हा त्याचा आवाज फार मोठा होतो. रत्नप्रभाकाकू म्हणाल्या, “मी सांगितलं होतं, पत्रिकेवर ढकला.”

आणि सही नाहीच. रेवती मॅडम म्हणाल्या, “हरकत नाही, मी न्यायालयाकडे परवानगी मागते. मिळाली तर मिळाली.” त्या ‘मिळाली तर’मुळे मला झोप येईना. म्हणजे मीच आत्याचा अर्ज बुडवला होता की काय? रात्री मी अंधारात म्हटलं, “आत्या, मी तुझ्यासाठी एक निवेदन लिहू का? तू ते वाचून दाखव फक्त.”

“झोप गं,” आत्या म्हणाली. रागानं नव्हे. पण मी पहिलं वाक्य डोक्यात तयार करूनच ठेवलं.

तारखेच्या दिवशी मी शाळा बुडवून, बाबांच्या मागे लागून वांद्र्याला गेलेच. पांढरा सदरा, काळी पँट. मी काही वकील नव्हते, पण दिसायला काय हरकत होती? वर पोचतो तर बाकावर माणिककाका! कोट, गळ्याला वकिली पांढरा बँड, मांडीवर फाइल. आमच्याकडे बघेनात.

“काका, तुम्ही?” बाबांनी विचारलं.

“कागदावर अजून मीच आहे,” काका भिंतीकडे बघत म्हणाले. “अशिलाला तारखेला एकटं सोडायची माझी पद्धत नाही.”

तेवढ्यात नाव पुकारलं. आत्या उठली, दोन्ही बाजूंना दोन वकील. मी मागून निघाले तर दारातल्या शिपाई ताईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“वय काय?”

“चौदा पूर्ण. पण मी या प्रकरणात...”

“आत फक्त पक्षकार आणि वकील. तुझे बाबासुद्धा बाहेर थांबणार. आणि मुलं तिकडे, मुलांच्या खोलीत.”

मुलांच्या खोलीत! माझं वक्तृत्व, माझा मुद्दा, माझी इस्त्रीची पँट, सगळं एका प्लॅस्टिकच्या घसरगुंडीशेजारी नेऊन बसवलं. भिंतीवर ससे. एवढ्याएवढ्या खुर्च्या, ज्यांत बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. एक चारेक वर्षांची मुलगी माझ्यापुढे इवलासा लाल कप घेऊन आली. कपात काहीच नव्हतं.

“चहा,” ती म्हणाली.

“नको गं.”

“पी!”

मी प्यायले. पिऊन झाल्यावर तिनं आणखी दिला. पलीकडच्या दालनात माझ्या आत्याचं आयुष्य पणाला लागलं होतं आणि मी हवेचा चहा पीत होते, तोही साखर जास्त झाली अशी तक्रार करत, कारण ती मुलगी प्रत्येक घोटाला “कसा झालाय?” विचारत होती.

खूप वेळानं दार उघडलं आणि माणिककाका आत आले. कोट हातावर, बँड सुटलेला. ते त्या चिमुकल्या खुर्चीवर बसले. खुर्ची दिसेनाशी झाली.

“काका, काय झालं? अर्ज गेला?”

काकांनी आधी कपाळ पुसलं. “न्यायाधीश मॅडमनी विचारलं, अर्जदारातर्फे कोण? मी उठलो. त्या रेवती मॅडमही उठल्या. मी म्हटलं मी, त्या म्हणाल्या परवानगी असेल तर मी. आमचं असं चाललंय तर मॅडम म्हणाल्या, दोघेही बसा. या न्यायालयात वकील माझ्या परवानगीनं बोलतात. मला बाईंशी बोलायचंय.”

“मग?”

“मग श्रुतिका उठली. आणि गप्प. काही केल्या आवाज फुटेना तिचा. मला वाटलं, गेलं! तर तिकडून प्रीतम उठला. म्हणाला, मॅडम, ती गोंधळलीय. तिला काय म्हणायचंय ते मी सांगतो.”

मी श्वास रोखून धरला. लाल कपवालीनंसुद्धा धरला.

“आणि श्रुतिका म्हणाली,” काका खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले, “मॅडम, माझी तक्रार हीच आहे.”

“येऽऽ!” मी किंचाळले.

“अगं, पुढे ऐक. तिथून जी बोलायला लागली! राजीनामा, मैत्रिणी, सगळं. एकही कागद न बघता. प्रीतमचे वकील मध्ये बोलायला उठले तर मॅडम त्यांना म्हणाल्या, थांबा, बाईंचं पूर्ण होऊ दे. अर्ज राहिला गो. साक्ष सुरू झाली. पुढच्या तारखेला उलटतपास.” त्यांनी हातावरचा कोट मांडीवर घेतला. “लग्नाच्या बोलणीत मी त्या लोकांना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, आमचं चेडू शांत आहे. शांत खंयचा! कोणी बोलूकच दिला नाय तिका.”

“आणि तुमची सही, काका?”

“केली. ती बोलत होती तेव्हाच, मांडीवर कागद ठेवून. एका ओळीची ना-हरकत. कारण लिहिलं नाही.”

“म्हणजे तुम्ही माझ्यावर रागावलेले नाही?”

“रागावलोय! भरपूर रागावलोय. आणखी महिनाभर रागावणार आहे. आता हात दे, या खुर्चीतून उठता येत नाही.”

मी आणि लाल कपवालीनं मिळून त्यांना ओढून काढलं. आणि मग मला एकदम रडूच यायला लागलं, थोडं आनंदानं आणि बरंचसं अपमानानं. आमच्या घराण्यातलं आजवरचं सगळ्यात भारी भाषण झालं होतं, आणि घराण्यातली एकमेव अधिकृत वक्ती ते ऐकायला हजर नव्हती.

खाली फाटकाशी आलो. रेवती मॅडम दुसऱ्या केसला पळाल्या होत्या. आत्या पुढे उभी होती, पर्स घट्ट धरून, गाल लाल. मी धावत जाऊन विचारलं, “काय काय बोललीस? पहिल्यापासून सांग ना!”

“घसा बसलाय गं,” ती हसत म्हणाली. खरंच बसला होता.

“दमलीय ती,” बाबा म्हणाले. “टॅक्सी करू या. सरळ घरी.”

“अरे श्याम, तिका भूक लागली असतली,” काका म्हणाले. “आधी काहीतरी गरम पोटात जाऊ दे.”

“तिला ना, आत्ता मोकळी हवा हवीय,” मी म्हटलं. मला हे अगदी आतून कळलं होतं.

यावर आमची बरीच चर्चा झाली. बाबांकडे तब्येतीचा मुद्दा होता, काकांकडे अनुभवाचा, माझ्याकडे मानसशास्त्राचा. मध्येच रिक्षाचा आवाज आला म्हणून आम्ही वळून बघितलं, तर आत्या आत बसलेली होती आणि रिक्षावाल्याला पुढे वाकून काहीतरी सांगत होती.

“आत्या! कुठे चाललीस?”

तिनं आमच्याकडे पाहून हात हलवला. रिक्षा निघाली, सिग्नलला वळली आणि दिसेनाशी झाली. आम्ही तिघं मात्र तिथेच फुटपाथवर उभे राहून, ती कुठे गेली असेल आणि तिला तिथे कसं वाटत असेल, यावर आपापलं ठाम मत मांडत होतो.